मारकुट्या माशांचं पार्टिशन: चौदा महिने वापरून

आधी वस्तू काय ते सांगते. फिश टँक मधून दुभागायची काळ्या प्लॅस्टिकची जाळी, दोन तुकड्यांत, कडेला पट्ट्या आणि आठ सक्शन कप. ऑनलाइन मागवली, ६४९ रुपये. खोक्यावर दोन मासे एकमेकांकडं पाठ करून पोहताना दाखवलेत आणि खाली लिहिलंय की आता टँकमधली मारामारी विसरा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच जाळी चार निरनिराळ्या नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तोच. पाचपैकी दोन देते. टँक दुभागायची कल्पना मात्र टाकाऊ नाही. पुढं मी स्वतःच्या हातानं दुसरी जाळी केली, ती अजून वापरतेय आणि तिला पाचपैकी चार. दोनाचे चार कसे झाले ते सांगते, म्हणजे तुमचे ६४९ वाचतील.

सोलापुरात माझं पिको-फॉलचं आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे. टँक दुकानातच, काउंटरच्या उजव्या हाताला. मुलाला बारावीत असताना विरंगुळा म्हणून घेऊन दिला होता. तीन फूट लांब, पंधरा इंच रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १६० लिटर. त्यानं त्यात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून आठ मासे आणून सोडले, ८० रुपयाला एक. सगळे दीड इंचाचे, गोळ्या-चॉकलेटसारखे रंगीत. पुढच्या वर्षी पोरगं इंजिनिअरिंगला पुण्याला गेलं आणि जाताना एवढंच म्हणालं, “आई, दोन वेळा चिमूटभर टाकत जा, बाकी काही नाही.”

बाकी बरंच होतं. हे आठ मासे म्हणजे तीन यलो लॅब, दोन ऑरॅटस, दोन केनयी आणि एक रेड झेब्रा. सगळे मलावी सरोवरातले. आफ्रिकेत मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये ते सरोवर आहे, त्याच्या काठच्या खडकांत राहणारी ही जात. तिकडं त्यांना म्बुना म्हणतात. प्रत्येक नराला आपापली कपार लागते. कपारीभोवती दुसरा नर फिरकला की पिटाळायचा आणि मादी फिरकली की तिच्यापुढं नाचायचं. तळ्यात पिटाळलेला मासा पळून पार दुसऱ्या खडकावर जातो. माझ्या टँकमध्ये तो पळून तीन फुटांवर जातो, तिथं काच लागते, आणि मारणाऱ्याच्या हिशेबानं तो अजून घरातच असतो.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की एक पिवळा पट्ट्यापट्ट्याचा मासा दोन आठवड्यांत काळाकुट्ट झाला. मी घाबरले. रोग असेल म्हणून खडेमीठ टाकलं, एक निळं औषध टाकलं, पाणी शाईसारखं झालं. त्याच महिन्यात एक निळा होता तो पिवळा पडायला लागला. शेवटी दोन्हींचा व्हिडिओ काढला आणि रेल्वे लाइन्सच्या बाजूला माशांचं एक जुनं छोटं दुकान आहे, तिथं नेऊन दाखवला. तिथले अण्णा व्हिडिओ बघत बघत हसायला लागले. “अक्का, आजारी कुणी नाही हो. ते काळं पडलंय ना, ते मालक झालंय. आणि ते निळं पिवळं झालं ते पण मालक झालंय. आता तुमच्या एका घरात दोन मालक.”

ऑरॅटसचं पिल्लू आणि मादी पिवळी, काळ्या पट्ट्यांची. नर मोठा होऊन डोक्यावर बसला की काळा होतो. केनयीचं उलट, मादी निळी आणि नर पिवळा. मासे विकत घेताना ते सगळे लहान, त्यामुळं कोण नर कोण मादी दुकानदारालाही सांगता येत नाही. पण या दोन जाती तीन फुटांच्या टँकमध्ये द्यायच्याच नसतात, हे विकणाऱ्याला सांगता आलं असतं. असो.

काळ्या (हे नाव मुलानं फोनवरून ठेवलं) त्याच्याच जातीच्या मादीला मारायचा. मारणं म्हणजे कसं, ते काउंटरवर बसून मी रोज बघत होते. आधी तो तिच्या आडवा यायचा, सगळे पर ताणून, अंग थरथरवत. ती हलली नाही तर शेपटीला चावा. हलली तर पाठलाग, आणि शेवटी चावाच. आठ दिवसांत तिची शेपटी उसवलेल्या लेससारखी झाली, दोऱ्या-दोऱ्या लोंबत होत्या. ती हीटरच्या वायरीमागं, पाण्याच्या अगदी वर, तोंड वर करून उभी राहायची. खाणं टाकलं तरी खाली उतरायची नाही. तुमच्या टँकमध्ये एखादा मासा असा वरच्या कोपऱ्यात उभा दिसला तर तो विश्रांती घेत नाहीये, एवढं लक्षात ठेवा.

म्हणून ते पार्टिशन मागवलं.

खोकं उघडलं आणि पहिली चूक माझीच निघाली. दिवसभर दुसऱ्यांच्या छाती-कमरेची मापं घेते, आणि स्वतःच्या टँकची रुंदी मोजली नाही. जाळी बारा इंच रुंद, टँक पंधरा. वर ‘ॲडजस्टेबल’ लिहिलेलं खरं होतं, पण ते उंचीपुरतं. दोन तुकडे एकमेकांवर सरकतात ते वर-खाली. रुंदीला तीन इंच उघडं राहिलं. तिथं मी एक उभट दगड ठेवला आणि दुकान बंद करून घरी गेले.

दुसरा दोष वस्तूचा. सक्शन कप नव्या काचेला धरत असतील, माझ्या काचेला धरेनात. सोलापुरात तेव्हा नळाला पाणी रोज यायचं नाही, चार-पाच दिवसांनी यायचं, त्यामुळं टँकला कॉम्प्लेक्सच्या बोअरचंच पाणी. ते इतकं जड की काचेवर पांढरा थर बसतो. त्या थरावर रबरी वाटी आठ तास टिकते, नवव्या तासाला सुटते. मी ब्लेडनं काच खरवडली, व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसली, तेव्हा जरा टिकायला लागली. तरी आठातले दोन कप दर आठवड्याला खाली पडलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर काळ्या मादीच्या बाजूला. दगड जागेवर, कप जागेवर, जाळी जागेवर. मग वाकून बघितलं. जाळीच्या खालची वाळू उकरलेली होती, दोन इंचांचा खड्डा. हे मासे रात्रभर तोंडानं वाळू उचलून बाजूला टाकत बसतात, हे खोक्यावर कुठं लिहिलेलं नाही. जाळीला तळाशी पट्टी आहे, पण ती वाळूवर टेकते, वाळूत रुतत नाही.

परत करायची मुदत सात दिवसांची. सातव्या दिवशी चॅटवर तक्रार टाकली तर ‘वस्तू ओली आहे’ म्हणून नकार आला. टँकचं पार्टिशन ओलं होणार नाही तर काय होणार? असो, ती जाळी आता पावसाळ्यात गिऱ्हाइकांच्या छत्र्यांच्या बादलीत तळाशी आहे. पाणी छान निथळतं.

आता दुसरी जाळी, जिला चार तारे दिले ती. फॉल्स सीलिंगमध्ये ट्यूबच्या खाली बसवतात ती पांढरी, चौकोनी खणांची प्लॅस्टिकची शीट असते, अर्ध्या इंचाच्या खणांची. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. हे अण्णांनी सांगितलं. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा ३०० रुपयाला पडला. साध्या कटरनं कापला जातो, फक्त कापताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, प्लॅस्टिकचे तुकडे उडतात. माप घेताना टँकच्या आतली रुंदी तीन ठिकाणी घ्या, तळाशी, मध्ये आणि वर. माझा टँक वर पाव इंच रुंद निघाला. कारागिराचा हात कुठंही थोडा इकडंतिकडं होतोच, आम्हाला माहीत आहे.

अर्धा इंच खण मोठ्या माशाला पुरतो, पण लहान मासा निसटतो, आणि मधल्या मापाचा मासा डोकं घालून अडकतो. हे जास्त वाईट. म्हणून मी त्यावर दुसरी जाळी चढवली. आमच्या वेळी रुखवतात ठेवायला लोकरीचे डबे, तोरणं करायचो, त्याची प्लॅस्टिकची बारीक भोकांची जाळी मिळायची. अजून मिळते. काळी आणली. ती त्या पांढऱ्या शीटवर मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्यानं टीप घालावी तशी कडेकडेनं शिवली. तळाला तीन बोटं जास्त ठेवली, साडीच्या फॉलसारखी, आणि ती आडवी वळवून वाळूखाली काचेवर पसरली. वर वाळू, वर चार चपटे दगड. त्या दिवसापासून कुणी पोखरून पलीकडं गेलेलं नाही. कडांना सक्शन कप नाहीत. काचेच्या कोपऱ्यात काचेच्याच बारीक पट्ट्या सिलिकॉननं चिकटवून खाच केली, जाळी वरून आत सरकते. सिलिकॉन आणताना बाथरूमचं बुरशी-रोधक आणू नका, त्यात माशांना बाधणारं औषध असतं. साधं काचेचं आणा, व्हिनेगरसारखा वास येतो ते, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका.

एक अक्कल आणखी उशिरा आली. पहिल्या जाळीतून आरपार दिसायचं. काळ्या दिवसभर जाळीला नाक लावून येरझाऱ्या घालायचा आणि मादी पलीकडं असूनही हीटरमागून बाहेर येईना. मार थांबला होता, पण तो दिसत होता ना. मग बारीक जाळीचं दुहेरी अस्तर लावलं, दोन्ही थर अर्ध्या भोकानं सरकवून, म्हणजे पाणी जातं पण नजर जात नाही. तिसऱ्या दिवशी मादी खाली उतरून दगडावरचं शेवाळ खाताना दिसली. मार खाल्लेल्या माशाला सावरायचं असेल तर अस्तर हवंच. पण नवा मासा जुन्यांत सोडायच्या आधी एकमेकांची सवय करायची असेल तर अस्तर काढून आरपार ठेवा, चार-सहा दिवस. मी वरच्या दोन कडांना फक्त कच्ची टीप घातली आहे, अस्तर पाच मिनिटांत निघतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की प्रश्न सुटला. मलाही वाटलं होतं. मग चार तारेच का, पाच का नाहीत?

कारण मादी पलीकडं गेल्यावर काळ्यानं दुसऱ्याच दिवशी दुसरी निवडली. एक यलो लॅब. बिचारे यलो लॅब या सगळ्या खानदानात सगळ्यात गरीब स्वभावाचे. त्यांतला सगळ्यात लहान धरला आणि त्याची तीच गत सुरू केली. शिवाय तीन फुटांचा टँक दुभागल्यावर त्याच्या वाट्याला दीड फूट आला. पळायला आधी तीन फूट होते, आता निम्मे. पार्टिशननं एक मासा वाचवला आणि दुसऱ्याचं मरण जवळ आणलं. खोक्यावर ‘मारामारी विसरा’ लिहिणाऱ्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आणि ज्या मादीसाठी हा सगळा खटाटोप, ती मार खाऊन मेलीच नाही. ती माझ्या मायेनं मेली. वाळलेली, शेपटी फाटलेली, म्हणून मी तिला एकटीला पलीकडं रोज वाळवलेल्या लाल अळ्या घालायला लागले. ताकद यावी म्हणून. ती हावरटासारखी खायची आणि मला बरं वाटायचं. बाराव्या दिवशी पोट फुगलं, खाणं तोंडात घेऊन परत टाकायला लागली, चौदाव्या दिवशी गेली. अण्णा म्हणाले, “हे दगडावरचं शेवाळ खाणारं मासं आहे अक्का. शाकाहारी माणसाला रोज मटण घातलं तर काय होईल?” त्यांच्या लांबलचक आतड्याला जड प्रथिनं झेपत नाहीत, त्यात आधीचा ताण. तेव्हापासून स्पिरुलिनाच्या, म्हणजे शेवाळाच्या, गोळ्या, चिमूटभर, दोन वेळा. अळ्यांची डबी शेजारच्या सोनारांना दिली. त्यांच्याकडं फ्लॉवरहॉर्न आहे, कपाळावर एवढं मोठं टेंगूळ आलेला, लक्ष्मी येते म्हणून ठेवलाय. तो पण माझ्या माशांच्याच कुळातला, सिक्लिड म्हणतात त्या कुळाला, पण माणसानं संकर करून काढलेला. एकटाच असतो, त्यामुळं त्यांच्याकडं मारामारीचा प्रश्नच नाही. काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतो तेवढंच.

ऑरॅटस मादी गेली त्या दिवशी मी अण्णांच्या दुकानात जाऊन म्हटलं, हे सगळे मासे परत घ्या. त्यांनी सगळे घेतले नाहीत. कागद-पेन काढलं आणि विचारलं, “टँक किती फूट हाय ते सांगा आधी. लिटर नको, फूट सांगा.” माझ्या धंद्यातलाच प्रश्न. गिऱ्हाईक कापडाचा भाव विचारतं, आम्ही पन्हा विचारतो.

अण्णांचं म्हणणं थोडक्यात असं. काळ्या आणि पिवळा केनयी द्या, मी सहा फुटी टँकवाल्या गिऱ्हाइकाला देतो. तुम्ही चार फूट करा, रुंदी दीड फूट, उंची दीड फूट, साधारण २५० लिटर. आणि मासे कमी करू नका, वाढवा. हे मला उलटंच वाटलं. घरात भांडणं होतात म्हणून कुणी पाहुणे बोलावतं का? पण हिशेब असा की आठ मासे असले की मारणाऱ्याला एकच सापडतो आणि तो मरेपर्यंत मार खातो. चौदा-सोळा असले की पाठलाग सुरू करेपर्यंत मध्ये तिसराच येतो, मार वाटला जातो, कुणा एकाच्या वाट्याला जीव जाईल एवढा येत नाही. नर एक तर माद्या तीन तरी. एकसारख्या रंगाचे दोन वेगळ्या जातींचे नर नकोत, कारण आपल्यासारखा दिसणारा त्यांना पहिला शत्रू वाटतो. आणि मासे वाढवले की फिल्टर दुप्पट, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल. त्याशिवाय हा उपाय करायचाच नाही, नाहीतर मारानं मरायचे ते घाणीनं मरतात.

सोलापुरात दर आठवड्याला ८० लिटर पाणी ओतून द्यायचं म्हणजे शेजारीण तोंडावर बोलते. मी ते पाणी वाया घालवत नाही, मागच्या जास्वंदीला जातं, जास्वंदी माजलीय. बोअरचं पाणी मात्र या माशांना मानवतं. मलावीचं पाणी अल्कधर्मी, आणि या माशांना जड पाणीही चालतं. ज्या पाण्यानं आमचे केस गळतात त्यात हे खूष. अण्णा म्हणाले, “पुण्याचं गिऱ्हाईक पाण्यात शिंपल्याचा चुरा टाकून जे करतंय ते तुम्हाला फुकट हाय.”

नवा टँक इथंच करून घेतला, काच आणि मजुरी धरून साडेपाच हजार, लोखंडी स्टँड वेगळा. भरल्यावर पाणीच अडीचशे किलो, वर दगड. माझं दुकान तळमजल्यावर म्हणून हिंमत केली. दगड बांधकामावरचे काळे, घासून घेतलेले, आधी काचेवर (खाली थर्माकोल) रचले आणि मग वाळू ओतली. वाळूवर दगड ठेवले तर हे उकरून उकरून पाडतात. दगड नुसते शोभेला ठेवायचे नाहीत. एका कपारीतून दुसरी दिसता कामा नये, आणि प्रत्येक बिळाला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाचं बीळ म्हणजे सापळा.

मासे आता असे: यलो लॅब आठ, रस्टी सहा आणि जुनी रेड झेब्रा. रस्टी हा जांभळट तपकिरी, दिसायला साधा मासा, अण्णांनी मागवून दिला. गिऱ्हाईक त्याच्याकडं बघत नाही, पण मला तो आवडतो, कामापुरतं भांडतो. नवे सगळे एका दिवशी, लाइट बंद केल्यावर सोडले. त्याआधी सगळे दगड काढून नव्यानं रचले, म्हणजे जुन्यांची घरंही मोडली आणि सगळ्यांना एकदमच जागा शोधायला लागली. एकेक मासा आणून सोडला तर तो रोज नवी सून असतो.

रेड झेब्रा ठेवली ती मुलाच्या हट्टानं. ती मादी निघाली आणि यलो लॅबच्या नराबरोबर तिचं जमलं. पिल्लं झाली, फिक्कट पीच रंगाची, ना धड आईसारखी ना बापासारखी. अण्णांनी बजावलं, ही कुणाला विकू नका, देऊ पण नका, जात बिघडते. बरीचशी मोठ्यांनीच खाल्ली. दोन उरलीत, ती राहतील.

मे महिन्याचं वेगळं सांगायला हवं. माझ्या दुकानावर पत्रा. दुपारी टँकमधलं पाणी ३२ अंशांवर गेलं आणि शांत झालेला टँक पुन्हा पेटला. पाणी तापलं की माशांचं अंगही तापतं, त्यात प्राणवायू कमी. हीटर तर मी मार्चमध्येच काढून ठेवते. टेबलावरचा लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला, झाकण काढून वर मच्छरदाणीचा तुकडा ताणला. दोन-तीन अंश उतरतात. रोज लोटाभर पाणी उडून जातं, ते भरताना नळाचं भरायचं, बोअरचं नाही, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागं राहतात. लाइट गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप. त्याला ४०० रुपये पडले आणि पार्टिशनपेक्षा त्यानं जास्त जीव वाचवलेत.

टेंभुर्णीहून एक गिऱ्हाईक येतात, उजनीच्या काठच्या. टँककडं बघून म्हणाल्या, “अगं बाई, ही तर चिलापीच की! ही काय शोभेची?” मी म्हटलं चिलापी यांची चुलत बहीण आहे, तीही मूळची आफ्रिकेतलीच, १९५२ मध्ये भारतात आणली. त्या म्हणाल्या, मग तिचं कालवण होतं, यांचं का नाही? सगळ्यांसमोर काय उत्तर देणार. फॉल लावून झाला तेवढ्यात.

तर चार फुटी टँकमध्ये एवढं सगळं केल्यावर पार्टिशनची गरज उरते का? उरते, पण तंट्यासाठी नाही. यलो लॅबची मादी अंडी तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे तोंड उघडत नाही. हनुवटी फुगलेली, जबडा चघळल्यासारखा हलतो, खाणं समोरून जातं तरी घेत नाही. पिल्लं सोडते तेव्हा ती इतकी वाळलेली असते की लगेच नरांसमोर सोडली तर टिकत नाही. त्या आठवड्यासाठी टँकचा उजवा एक फूट मी जाळी टाकून तोडते, अस्तरासकट. त्या बाजूला एक लहान स्पंज फिल्टर हवाच. हेही मी चुकून शिकले. मोठा फिल्टर डाव्या बाजूला, दुहेरी अस्तरातून पाणी पुरेसं फिरलं नाही आणि पलीकडचं पाणी दोन दिवसांत गढूळ झालं. एक तारा कापला त्याचं हे अस्तर दुसरं कारण. शेवाळ धरतं, दर पंधरा दिवसांनी काढून जुन्या ब्रशनं घासायला लागतं, आणि काढताना हमखास कुणीतरी नको त्या बाजूला जातं.

आत्ता हे लिहितेय तर एक मादी सतराव्या दिवसावर आहे. जाळी अजून टाकलेली नाही, स्टँडमागं उभी करून ठेवली आहे. सकाळी एक नऊवारी शिवायला आलेल्या आजी टँकजवळ बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “हिला काय झालंय गं, सगळ्यांत ही एकटीच जेवत नाही?” मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून तिच्या समोर घेतली आणि ट्रायलला हाक मारली तरी उठल्या नाहीत.